वार एक की दोन?

माघ पौर्णिमेच्या जत्रेला धनेगावपर्यंत पोचलेल्या कुणालाही कचारगडची कथा ऐकायला मिळते. काली कंकालीची तेहतीस मुले शंभूने इथल्या गुहेत कोंडली आणि तोंडाशी शिळा लोटली. पहांदी पारी कुपार लिंगोसाठी हिरासुका पाटालीरने किंगरी वाजवली, शिळा हलली, मुले बाहेर आली. हिरासुका मात्र शिळेखाली गेला. पुढे मुलांचा सांभाळ जंगो रायताडने केला. सांगणाऱ्यागणिक तपशील थोडे बदलतात. पण मुले किती होती हे कथा एका शब्दात सांगून टाकते आणि ती वाचली कशी, वाढली कशी, यातच सगळी रमते. गोंदिया जिल्ह्याच्या या पूर्व टोकाला, छत्तीसगडच्या सीमेवर, जुळ्या-तिळ्या बाळंतपणांबद्दल लिहायचे तर मलाही हेच प्रमाण बरोबर वाटते.

आधी थोडा हिशेब. भारतात हजार बाळंतपणांमागे नऊच्या खालीच जुळी होतात. आदिवासी भागात एक प्राथमिक आरोग्य केंद्र साधारण वीस हजार लोकवस्तीसाठी आणि एक उपकेंद्र तीन हजारांसाठी असावे, असा सरकारी निकष आहे. हजारी पंधराच्या आसपास जन्मदर धरला, तर केंद्राच्या वाट्याला वर्षाला तीनेकशे बाळंतपणे येतात आणि त्यांत जुळी दोन-तीन. उपकेंद्राच्या सिस्टरला जुळ्यांची आई भेटणार दोन-अडीच वर्षांतून एकदा. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात जे आठवड्याला घडते, ते इथे विसरायला होईल इतक्या अंतराने घडते. हात सरावाचा राहत नाही, आणि समोरच्या पोटात दोन बाळे असतील ही शंकासुद्धा चटकन येत नाही. माझ्या मते या भागातल्या जुळ्यांची सगळ्यात मोठी जोखीम हीच आहे. पोटात दोघे आहेत हे कळायला उशीर होतो, आणि पुढचे बरेचसे त्या उशिरातूनच निघते.

जुळी का होतात, याचे घरगुती उत्तर आपल्याकडे तयार असते: जोडकेळे खाल्ले. केळ्याचा काही संबंध नाही. एकाच फलित बीजाची फाळणी होऊन होणारी एकसारखी जुळी जगभर जवळजवळ सारख्याच प्रमाणात होतात, हजारी चारच्या आसपास. फरक पडतो तो दोन वेगळी बीजे फळल्याने होणाऱ्या जुळ्यांत. आईचे वय तिशीच्या पुढे गेले, आधीची बाळंतपणे जास्त असली, आईच्या माहेरी जुळी असली की त्यांची शक्यता वाढते. नैऋत्य नायजेरियातल्या योरुबा लोकांत ती जगात सर्वाधिक आहेत. अलीकडे यात दवाखान्याची भर पडली. स्त्रीबीज पिकवण्यासाठी क्लोमिफेनच्या गोळ्या दिल्या की होणाऱ्या गर्भधारणांत शंभरात सात-आठ जुळ्या निघतात. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात एकाहून जास्त गर्भ सोडले तर त्याहून कितीतरी जास्त. जगभरातल्या नोंदी तपासून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीस वर्षांत जुळ्यांचे प्रमाण हजार बाळंतपणांमागे ९.१ वरून १२ वर गेल्याचे दिसले. आज जगात वर्षाला सुमारे सोळा लाख जोड्या जन्मतात. २०२१ मध्येच मालीतल्या एका स्त्रीला मोरोक्कोच्या कॅसाब्लांकात नऊ मुले झाली आणि सगळी जगली. अशा बातम्यांनी कौतुक वाढते, पण त्या मुलांमागे उभी राहिलेली डॉक्टर-परिचारिकांची फौज आणि महिनोन्महिन्यांचा अतिदक्षता विभाग बातमीत मावत नाही. इथल्या सालेकसा तालुक्यातली बहुतेक जुळी आपसूक झालेली असतात, असे समजायला हरकत नाही. मात्र मूल होत नाही म्हणून गोंदिया-नागपूरच्या खेपा घालणारी जोडपी या भागातही आहेत, तेव्हा तीही वाट बंद धरू नये.

आता मुद्द्याची गोष्ट. जुळी एकसारखी की वेगळी, याची घरच्यांना उत्सुकता असते. डॉक्टरचा पहिला प्रश्न दुसराच असतो: वार एक आहे की दोन? दोन बीजांच्या जुळ्यांना प्रत्येकी आपली वार असते. एका बीजाच्या जुळ्यांचे मात्र फाळणी कधी झाली यावर ठरते. पहिल्या तीन दिवसांत झाली तर वार दोन, पाणमोटी दोन. चौथ्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान झाली तर वार एक, पाणमोटी दोन. त्याहून उशिरा झाली तर वारही एक आणि पाणमोटही एक. मग नाळा एकमेकींत अडकण्याची धास्ती. तेराव्या दिवसानंतरची फाळणी अर्धवट राहते आणि मुले जोडलेली येतात. एका बीजाच्या जुळ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश एकाच वारेवर वाढतात.

वार एक असली की दोघांचा रक्तपुरवठा आतून जोडलेला असतो. शंभर अशा गरोदरपणांत दहा ते पंधरांमध्ये ही देवघेव एकतर्फी होते. एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे जात राहते. देणारे सुकते आणि त्याच्याभोवतीचे पाणी आटते. घेणारे फुगते, त्याच्या हृदयावर ताण येतो आणि त्याची पाणमोट तट्ट भरते. हे दिवस भरायच्या खूप आधी, सोळा ते सव्वीस आठवड्यांत सुरू झाले आणि काही केले नाही, तर दहातली नऊपर्यंत बाळे दगावतात. उपाय आहे. आईच्या पोटातून बारीक दुर्बीण घालून वारेवरच्या त्या जोडरक्तवाहिन्या लेझरने बंद करतात. २००४ मध्ये युरोपातल्या मोठ्या चाचणीत लेझरनंतर निदान एक बाळ वाचण्याचे प्रमाण ७६ टक्के निघाले; नुसते पाणी काढत राहण्याच्या जुन्या पद्धतीत ते ५६ टक्के होते. भारतात हे काम मोठ्या शहरांतली मोजकी केंद्रे करतात. धनेगावची बाई तिथे पोचायची तर कुणीतरी वेळेत ओळखले पाहिजे, आणि ओळखायला आधी वार एकच आहे हे माहीत असायला हवे.

ते कळण्याची उत्तम वेळ अकरा ते चौदा आठवड्यांची. तेव्हाच्या सोनोग्राफीत दोन पाणमोटींमधला पडदा वारेला कुठे आणि कसा भिडतो हे स्पष्ट दिसते. जाड, त्रिकोणी पाचर दिसली तर वार दोन. पातळ पडदा काटकोनात टेकलेला दिसला तर वार एक. पुढे पुढे ही खूण पुसट होत जाते. सहाव्या महिन्यात पहिल्यांदा सोनोग्राफी झाली तर अनुभवी डॉक्टरही छातीठोकपणे सांगू शकत नाही. एक मुलगा, एक मुलगी दिसली तर बीजे दोन हे उघड आहे, म्हणजे वारही दोन. पण आपल्याकडे गर्भलिंग सांगायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे हा पुरावा डॉक्टरने मनातच ठेवायचा. या बंदीबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. देशात असा कायदा सर्वांत आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्रानेच केला, आणि त्याची गरज होती. त्या कायद्याच्या शिस्तीमुळे सोनोग्राफीचे यंत्र पिशवीत घालून पाड्यावर नेता येत नाही, ही तिची किंमत. यंत्र आणि ते हाताळायचा परवाना असलेला डॉक्टर, दोन्ही जिथे नोंदलेले तिथेच बाईने जायचे.

आता खेपा मोजू. वार दोन असतील तर विसाव्या आठवड्यापासून दर चार आठवड्यांनी सोनोग्राफी, म्हणजे साधारण पाच खेपा. वार एक असेल तर सोळाव्यापासून दर पंधरवड्याला, म्हणजे दहा-अकरा. दरेकसा स्टेशनवरून गोंदियाला रेल्वे जाते ही या भागाची भाग्याची बाजू. पण प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते, सोबतीच्या माणसाचीही. घरी मूल असेल तर ते कुणाकडे ठेवायचे? रोवणीच्या दिवसांत तर घरातून कुणालाच सोडवत नाही. कागदावरचा 'दर पंधरवड्याला' हा सल्ला इथे कुटुंबाच्या सगळ्या पावसाळ्याचा प्रश्न होतो. त्यातून तारीखही नक्की नसते. पाळी कधी चुकली ते पोळा, दिवाळी, मंडई यांच्या आगेमागे सांगितले जाते. त्यासाठीही पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी हवी. तिच्याइतके अचूक दिवस नंतर कुठलीच तपासणी सांगत नाही.

सोनोग्राफी होईपर्यंत सिस्टरच्या हातात काय? बरेच काही. दिवसांच्या मानाने पोट मोठे, उलट्या जास्त, आधीच्या खेपेपेक्षा वेगळा जडपणा. नंतरच्या महिन्यांत हाताला तीन टोके लागणे, दोन ठिकाणी वेगवेगळ्या गतीचे ठोके ऐकू येणे. टेप लावून गर्भपिशवीची उंची मोजण्याला पैसे पडत नाहीत. दर तपासणीला ती मोजली आणि कार्डावर लिहिली, तर निम्मी शंका तिथेच येते.

आईच्या अंगावर जुळ्यांचा भार बराच जास्त असतो. गरोदरपणात रक्त पातळ होतेच. दोन बाळे असली की लोहाची गरज आणखी वाढते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता, आणि ही सगळ्या राज्याची सरासरी, दुर्गम आदिवासी तालुक्याची नव्हे. शिवाय पूर्व विदर्भात सिकलसेल आहे. सिकलसेलच्या बाईला जुळी राहिली तर दुखण्याचे झटके, जंतुसंसर्ग, रक्त चढवण्याची वेळ, सगळ्यांचीच शक्यता वाढते. तिला लोहाच्या गोळ्या डोळे मिटून देत राहणेही बरोबर नाही. लोह खरोखर कमी आहे का ते पाहावे लागते. फॉलिक आम्ल मात्र जास्त लागते, आणि सिकलसेलवरचे हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू असेल तर गरोदरपणात ते सहसा थांबवतात. म्हणून सिकलसेलची तपासणी लग्नाआधी नाही तर निदान पहिल्या नोंदणीच्या वेळी झालीच पाहिजे. नुसत्या रक्तक्षयाला हल्ली शिरेतून लोह देण्याची सोय आहे. सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन सात असलेल्या जुळ्यांच्या आईला गोळ्यांच्या भरवशावर ठेवणे मला तरी जुगार वाटतो.

दुसरा धोका रक्तदाबाचा. जुळ्यांत तो एका बाळाच्या गरोदरपणापेक्षा दोन-तीन पटीने जास्त आढळतो, आणि येतोही लवकर. बाराव्या आठवड्यापासून रोज अ‍ॅस्पिरिनची लहान मात्रा, ७५ ते १५० मिलिग्रॅम, दिल्याने तो काही प्रमाणात टळतो. गोळी अगदी स्वस्त आहे. तरी ती वेळेत सुरू होत नाही, कारण जुळी आहेत हे बाराव्या आठवड्यात ठाऊकच नसते. डोके दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, छातीखाली दुखते, या तक्रारी 'गरमीने' म्हणून सोडून दिल्या की पुढे झटके येतात. मग मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन आणि वाटेतली धावपळ.

निम्म्याहून जास्त जुळी सदतीस आठवडे पुरे करत नाहीत. तिळ्यांचे सरासरी दिवस बत्तीस-तेहतीस आठवडेच भरतात. लवकर येणाऱ्या कळा कशा रोखाव्यात, यावर वैद्यकशास्त्राने फार हातपाय मारले आणि बहुतेक वाया गेले. इथे एका आपल्या माणसाचे नाव घ्यायलाच हवे. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर, गोव्यातल्या शिरोड्याचे, जन्म १८९९. सैल पडलेल्या गर्भाशयमुखाला टाका घालून गर्भ राखण्याची त्यांची १९५५ ची पद्धत आजही जगभर 'शिरोडकर' याच नावाने शिकवली जाते. अनेक घरांत दिसणाऱ्या मुलांमागे तो टाका आहे. पण जुळी आहेत म्हणून सरसकट टाका घालून फायदा होत नाही, हे नंतरच्या अभ्यासांनी दाखवले. गर्भाशयमुख खरोखर आखूड झाले वा उघडू लागले असेल तरच त्याचा विचार. तेच खाटेवर पडून राहण्याचे. जुळ्यांच्या आईला महिनोन्महिने झोपवून ठेवल्याने बाळंतपण लांबत नाही, उलट पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. तरीही हा सल्ला अजून दिला जातो. तो देणे सोपे असते आणि ऐकणाऱ्यालाही काहीतरी केल्यासारखे वाटते. गर्भाशयमुख आखूड असेल तर प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या योनिमार्गे देतात. त्यांचा उपयोग होताना दिसतो.

कळा थांबत नसतील तर बाळाची तयारी करायची. चोवीस ते चौतीस आठवड्यांच्या दरम्यान डेक्सामेथासोनची ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शने, बारा-बारा तासांनी. त्याने बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. केंद्र सरकारच्या २०१४ च्या सूचनांनुसार पुढे पाठवण्याआधी पहिली मात्रा उपकेंद्राची सिस्टरही देऊ शकते. दुर्गम भागासाठी याहून मोलाचे औषध मला सांगता येणार नाही: एक इंजेक्शन, थोड्या रुपयांचे, आणि पुढचा सगळा प्रवास बाळाच्या बाजूने.

बाळंतपण कुठे करायचे हा प्रश्न जुळ्यांच्या बाबतीत खुला ठेवूच नये: जिथे सिझेरियन होते आणि रक्त मिळते तिथे. आपल्या भागासाठी म्हणजे गोंदिया. तिथले बाई गंगाबाई महिला रुग्णालय आणि २०१६ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तिथेही भागले नाही तर नागपूर. सगळ्या जुळ्यांना सिझेरियन लागते असे नाही. २०१३ मध्ये पंचवीस देशांतल्या अठ्ठावीसशे स्त्रियांच्या चाचणीत पहिले बाळ डोक्याकडून असेल तर ठरवून केलेल्या सिझेरियनने बाळांचा काही वेगळा फायदा झाला नाही. पहिले पायाळू वा आडवे असेल, पाणमोट एकच असेल किंवा तिळी असतील तर सिझेरियन. वार दोन असतील तर सदतीस-अडतीस आठवड्यांत, वार एक असेल तर छत्तीस-सदतीसमध्ये आणि पाणमोटही एकच असेल तर बत्तीस ते चौतीसमध्ये बाळंतपण उरकतात. शेवटचा महिना गावात काढण्यात हशील नाही. आदिवासी जिल्ह्यांतल्या आरोग्य केंद्रांजवळची 'माहेरघरे' याचसाठी आहेत. जुळ्यांच्या आईला मात्र मी गोंदियात ओळखीपाळखीच्या घरी मुक्काम सुचवेन. सालेकशातून पुन्हा १०८ ची रुग्णवाहिका बोलावण्यापेक्षा ते बरे.

आणि तरीही कधीतरी घरीच, किंवा वाटेत, एक बाळ बाहेर येते आणि पोट तसेच मोठे राहते. त्या क्षणी एक चूक जिवावर बेतते. बाळ जन्मल्यावर रक्तस्राव रोखायला ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन लगेच देण्याची शिकवण आहे, आणि ती योग्यच आहे. पण आधी पोटावर हात ठेवून आत दुसरे नाही ना याची खात्री करायची. आत दुसरे असताना ते इंजेक्शन दिले तर गर्भपिशवी बाळाभोवती घट्ट आवळते. पहिल्याची नाळ घट्ट बांधायची, कारण वार एक असेल तर त्या टोकातून आतल्या बाळाचेही रक्त जाऊ शकते. दुसरे बाळ आडवे फिरते, नाळ पुढे येते, वार आधीच सुटते. म्हणून जुळ्यांत दुसऱ्या क्रमांकाच्या बाळाला धोका जास्त. जुन्या दायांपैकी अनुभवी बाया पोट चाचपून हे ओळखत. आज दायांना बाळंतपणातून बाजूला सारले आहे, पण कळा सुरू झाल्यावर पाड्यावर पहिली हाक अजून कुणाला जाते याचा विचार करून एवढे दोन नियम त्यांना सांगून ठेवायला काय हरकत आहे?

वार पडल्यावरही सुटका नाही. ताणून सैल झालेली गर्भपिशवी आकसत नाही आणि रक्त वाहत राहते. किती गेले याचा अंदाज डोळ्यांनी नेहमी कमी होतो. बेळगावच्या डॉक्टरांनी यासाठी मापे छापलेली प्लास्टिकची पिशवी वापरात आणली. बाईच्या खाली अंथरायची आणि जमलेले रक्त वाचायचे. बेळगाव जिल्ह्यातच गावागावांत नर्सबाईंनी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या देऊन केलेली चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली: अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. या गोळीला फ्रिज लागत नाही, सुई लागत नाही. २०१८ ते २० या काळात महाराष्ट्राचा मातामृत्यू दर लाखामागे ३३ होता, केरळच्या खालोखाल देशात सर्वांत कमी. असल्या साध्या गोष्टींचा त्यात वाटा आहे.

मग बाळे. दोघांचे मिळून वजन एका धष्टपुष्ट बाळाइतके भरले तरी पुष्कळ, अशी स्थिती असते. दीड किलोचे बाळ नवजात अतिदक्षता कक्षात जाते. शेजारच्या भंडारा जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे याच कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. त्यानंतर बरेच दिवस या भागातल्या आयांना काचेच्या पेटीची भीती वाटली असेल तर त्यांना दोष देता येत नाही. पण पेटीला एक जोड उपाय आहे, आणि तो पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणूनच १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात सापडला: उघड्या छातीवर बाळाला कातडीला कातडी लावून बांधून ठेवणे, कांगारू पद्धत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयाचाही सहभाग असलेल्या चाचणीत बाळ स्थिर व्हायची वाट न पाहता जन्मतःच हे सुरू केल्याने मृत्यू चतुर्थांशाने कमी झाले. जुळ्यांत एक छाती पुरत नाही, आणि तिथे बापाला किंवा आजीला काम आहे. दूध मात्र पुरते. दोघे ओढतात तर दोघांपुरते येते. आईला जेवण आणि झोप मिळाली पाहिजे. आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे ताजे जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून आहे. जुळ्यांच्या आईला त्यात दुप्पट वाटा असावा, हे कुणी शासनाला सुचवावे. आपल्या ग्रामपंचायत कायद्याने दोन मुलांची अट घालताना एका बाळंतपणातल्या सगळ्या मुलांना एकच धरण्याची सूट दिली आहे. ताटाच्या बाबतीत मात्र दोन धरावीत.

घरी आल्यावर काय, याचे उत्तर जगाला गडचिरोलीने दिले. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९८६ पासून केलेल्या कामातून गावातल्याच बाईला नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांत ३९ गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ पासून देशभरच्या आशाताई त्याच धर्तीवर बेचाळीस दिवसांत सहा भेटी देतात. जुळ्यांच्या घरी भेट ही दोन बाळांची भेट असते. वजनाचा काटा दोनदा लावायचा, तापमान दोघांचे पाहायचे, आणि जे कमी रडते, कमी ओढते त्याच्याकडे आधी वळायचे. शांत बाळ गुणी म्हणून घरात कौतुक होते आणि बहुतेकदा तेच थंड पडत चाललेले असते.

नंतरचे काम अंगणवाडीत. तिथल्या तक्त्यावर वय जन्मतारखेपासून मोजतात. दोन महिने आधी आलेले बाळ सहा महिन्यांचे झाले तरी त्याची वाढ चार महिन्यांच्या बाळाशी ताडून पाहायची असते, आणि हा हिशेब साधारण दोन वर्षांचे होईपर्यंत करायचा. तो केला नाही तर नीट वाढणारी जुळीही 'तीव्र कुपोषित' ठरतात, आई घाबरते, आणि ओरडा खाऊन तक्ता भरणाऱ्या सेविकेला खरे कुपोषित कोण ते कळेनासे होते. जन्माच्या वेळचे आठवडे रुग्णालयाच्या कागदावर असतात. ते वजनाच्या तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात उतरवून घ्यावेत, दोघांच्या नावापुढे वेगवेगळे वजन लिहावे, आणि लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्याव्यात. त्यात वय कमी करून मोजायचे नसते.